पावती होती, जागा नव्हती : तालुक्याच्या गावातल्या एका मशिदीचं प्रकरण

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या एका गावात, बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या मशिदीत बायकांच्या नमाजसाठी जागा कशी झाली आणि झाल्यावर ती कशी पुन्हा पुन्हा निसटत राहिली, त्याची ही नोंद आहे. गावाचं, मशिदीचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. त्यातल्या बायकांना त्याच मोहल्ल्यात राहायचं आहे. मी बचत गटांच्या कामामुळे त्यांच्यात वावरते, त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. ही जागा त्यांना मिळायला हवी होती असंच माझं मत आहे.

मशीद निजामाच्या काळातली. तीन कमानींचा दगडी दालान, पुढे नंतर वाढवलेला स्लॅबचा सहन (अंगण), रस्त्याच्या बाजूला भाड्यानं दिलेले गाळे. मशिदीची जमात, म्हणजे तिच्याशी जोडलेली माणसं, हनफी पंथाची, देवबंदी वळणाची. गावात बरेलवी जमातीची दुसरी मशीद आहे, बायकांची सोय तिथंही नव्हती. अहले हदीस किंवा जमाते इस्लामी या वेगळ्या वळणांच्या मशिदींमध्ये पुष्कळ ठिकाणी बायकांसाठी वेगळी जागा ठेवतात. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात राहणाऱ्या बाईला तसा पर्याय मिळू शकतो. या गावात तो नव्हता.

पुरुषाला ही मशीद काय देते ते आधी पाहू. ट्रकचा ड्रायव्हर असो की बाजाराला आलेला शेतकरी, तो आत येतो, इस्तिंजाखान्यात (मुतारीत) जातो, वजूखान्याच्या तोट्यांवर वजू करतो, म्हणजे नमाजआधी हातपाय धुतो, जोहरची म्हणजे दुपारची नमाज पढतो आणि पंख्याखाली दहा मिनिटं आडवा होतो. त्याला कुणी नाव-गाव विचारत नाही. मशिदीच्या मागच्या गल्लीपलीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथं खेड्यापाड्यांतून सुनेच्या बाळंतपणासाठी, लेकराच्या तापासाठी आलेल्या बाया दिवसदिवस बसतात. नमाजची वेळ झाली की कुणी जिन्याखाली ओढणी अंथरते, कुणी घरी जाऊन कजा (वेळ टळल्यावरची नमाज) पढू म्हणून राहू देते. लघवीला जायचं तरी अडचण, मग वजू कुठून करणार? अजान मात्र सगळ्यांनाच ऐकू येते.

चौघींनी हा विषय काढला. एक उर्दू शाळेतली शिक्षिका, मोहल्ला तिला बाजी म्हणतो. दुसरी आशा कार्यकर्ती; रुग्णालयातल्या बायांचे हाल तीच रोज बघायची. तिसरी शिवणकाम करून घर चालवणारी विधवा, सगळ्यांची खाला. आणि चौथी मालेगावला मुलींच्या मदरशात शिकून आलिमा (धर्मशास्त्र जाणणारी) झालेली, पंचविशीतली मुलगी, लग्न होऊन या गावात आलेली. या चौथीमुळे प्रकरणाला वेगळं वळण लागलं. मागच्या पिढीत अशी मागणी आली असती तर मौलानासाबांनी एक मसला (धर्माचा नियम) सांगून ती संपवली असती. आता मसला विचारणारीनंही तीच किताबं वाचलेली होती.

पहिली बैठक मशीद कमिटीच्या अध्यक्षांच्या, म्हणजे सदरसाबांच्या घरी, पडद्याआडून झाली. पेश इमामांनी, म्हणजे नमाज पढवणाऱ्या मौलानासाबांनी, सांगितलं ते त्यांच्या परंपरेला धरूनच होतं. बाईची नमाज घरात अफजल, म्हणजे जास्त चांगली. हनफी फकीहांनी (धर्मकायद्याच्या जाणकारांनी) फितन्याच्या, म्हणजे मोह आणि बखेड्याच्या, भीतीनं बायकांचं मशिदीत येणं मकरूह (नापसंत) ठरवलं आहे. हुजूरांच्या, म्हणजे पैगंबरांच्या, पत्नी बीबी आयशांचं म्हणणंही त्यांनी सांगितलं, की आजच्या बायकांचं वागणं हुजूरांनी पाहिलं असतं तर त्यांना मशिदीपासून रोखलं असतं.

आलिमानं यातलं काहीही नाकारलं नाही. तिनं बुखारी आणि मुस्लिम या संग्रहांमधली हदीस (पैगंबरांचं वचन) समोर ठेवली : अल्लाहच्या बांद्यांना (दासींना) अल्लाहच्या मशिदींपासून रोखू नका. बाळाचं रडणं कानावर आलं की आईला त्रास नको म्हणून हुजूर नमाज आवरती घेत, ही हदीसही सांगितली. म्हणजे मागच्या सफांमध्ये (रांगांमध्ये) लेकुरवाळ्या बाया होत्या. दुसरे खलिफा हजरत उमरना पसंत नसतानाही त्यांच्या बीबी फजर आणि इशाला (पहाटे आणि रात्री) मशिदीत जात आणि हजरत उमर त्यांना मना करत नसत, कारण हीच रोखू नका म्हणणारी हदीस आड येत होती. मग तिनं विचारलं, फितन्यासाठी मनाई असेल तर फितना बाजारात जास्त की मशिदीत? आम्ही रुग्णालयात जातो, मतदानाच्या रांगेत उभ्या राहतो, कापूस वेचायला जातो, तिथं कुणी मसला काढत नाही.

मला यात तिची आणखी एक गोष्ट फार शहाणपणाची वाटली. तिनं जमात, म्हणजे इमामामागं सगळ्यांनी मिळून पढायची नमाज, मागितलीच नाही, जागा मागितली. जमातीत बाई उभी राहावी की नाही हा फिकहचा, म्हणजे धर्मकायद्याचा, वाद. वाटेत असलेल्या बाईला वजू करून दोन रकात (नमाजची आवर्तनं) पढायला कोपरा हवा, यावर वाद घालणं अवघड असतं. प्रवाशाला तर शरीयतच सवलत देते, चार रकातची नमाज दोनच पढायची. ती सवलत घ्यायला जागा कुठली?

या भागातल्या बायका धर्मस्थळांपासून लांब आहेत, असा समज करून घेऊ नये. खुलताबादच्या दर्ग्यांवर, परभणीत फेब्रुवारीत भरणाऱ्या तुराबुल हक यांच्या उरुसात बाया लेकरांसह जातात. गुरुवारी दर्ग्यावर फातेहा, मोहरमला आशूरखान्यात नवस हे आजीपासून चालत आलेलं आहे. तिथं गर्दीत धक्के खात जाणारी बाई मशिदीच्या दारापाशी आली की रस्त्याची दुसरी बाजू धरते. याचं कारण पडदा असं सांगितलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. दर्ग्यावर माणूस मागायला जातो. मशिदीत जमातीचा कारभार चालतो, हिशेब होतो, भांडणं मिटवली जातात. बाईला दर्गा मोकळा आणि मशीद बंद राहण्यामागे हाही भाग आहे.

बैठकीत बाजीनं मोबाइलवर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाचं म्हणणं वाचून दाखवलं. पुण्यातल्या एका दाम्पत्यानं २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, मुस्लिम बायकांना मशिदीत नमाजला प्रवेश मिळावा म्हणून. त्यावर बोर्डानं जानेवारी २०२० मध्ये प्रतिज्ञापत्रात सांगितलं, की बाईला मशिदीत येऊन नमाज पढायची मुभा आहे, फक्त जमातीनं पढणं तिच्यावर बंधनकारक नाही. पुढं नव्या मशिदी बांधताना बायकांच्या जागेचा विचार करावा, असं आवाहनही बोर्डानं केलं. न्यायालयातला प्रश्न मात्र नोव्हेंबर २०१९ मध्ये शबरीमला मंदिरप्रवेशाच्या फेरविचारातून निघालेल्या मोठ्या घटनापीठाच्या मुद्द्यांशी जोडला गेला.

बोर्डाचं नाव निघताच बैठकीचा नूर बदलला. सदरसाब म्हणाले, "मना किसने किया? मगर जगा किधर है?"

इथून पुढं धर्माचा विषय निघालाच नाही. आधी जागा नाही, मग पैसा नाही, मग पाणी नाही. माझ्या मते या प्रकरणातला शिकण्यासारखा टप्पा हाच. बंदीशी लढणं एका अर्थी सोपं, ती समोर दिसते. हाजी अली दर्ग्यात २०११-१२ च्या सुमारास बायकांना मजारीपाशी जायला बंदी झाली, भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या न्यायालयात गेल्या, २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी संविधानाच्या कलम १४, १५ आणि २५ विरुद्ध ठरवली, ट्रस्टनं सर्वोच्च न्यायालयात माघार घेतली आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला बायका आत गेल्या. तिथं हटवायला एक बंदी होती. या गावात बंदी कुणी घातलेलीच नव्हती, मग हटवायचं काय? इमारत बांधतानाच बाई नाही असं धरून बांधली होती. दार एक, जिना सहनातून, वजूखाना उघड्यावर.

पैशाच्या मुद्द्यावर खाला बोलली. मशिदीचा महिन्याचा चंदा घरटी गोळा होतो. खाला मशीन चालवून तो भरते, नवरा वारल्यापासून एक महिना चुकवलेला नाही. तरी पावती फाटते ती वारलेल्या नवऱ्याच्या नावानं, कारण वहीत कुटुंबाचा मालक तोच. पावत्यांची चळत सदरसाबांच्या घरी पडद्याखालून पुढं सरकवत ती म्हणाली, "मरे सो आदमी के नाम की पावती फाडते, जिंदा औरत का नाम नको बोलते."

सेक्रेटरीनं वही आणून बघितली. बाई कमावते आणि चंदा देते, नाव मात्र मुलाचं, दिराचं किंवा मयत नवऱ्याचं, अशी कितीतरी घरं निघाली. वहीतल्या नावावरच जमातीच्या निवडीत मत मिळतं. म्हणजे पैसे बाईचे आणि मत कुणाचंच नाही, किंवा आईला न विचारणाऱ्या पोराचं. सेक्रेटरी हा सरळ माणूस. त्यानं त्याच महिन्यापासून पावती भरणाऱ्या बाईच्या नावानं फाडायला सुरुवात केली, कुणाचा ठराव न घेता. मताचं काय, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

जागा निघाली ती मकतबच्या, म्हणजे लेकरांना कुरआन शिकवतात त्या वर्गाच्या, वरच्या खोलीत. तिथं देगा (मोठी पातेली), शामियान्याचे बांबू, जुन्या चटया पडलेल्या होत्या. खोलीला मागच्या गल्लीत उतरणारा लोखंडी जिना होता, म्हणजे सहन न ओलांडता वर जाता येत होतं. चटया खाली गेल्या. बचत गटाच्या बायकांनी वर्गणी काढली, कमिटीनं निम्मा खर्च उचलला, वर तोट्या बसल्या, खाली गल्लीत एक संडास बांधला गेला. कमिटीतल्या एका बुजुर्गांनी अखेरपर्यंत विरोध केला आणि फरशीचे पैसे मात्र स्वतःच्या खिशातून दिले. माणसं अशीही असतात.

पाण्यावरून जे झालं ते मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला किरकोळ वाटेल. बोअर फेब्रुवारीतच गुळण्या टाकायला लागली. टँकर आला की आधी खालची टाकी भरायची. पाणी उरलं तर वर चढवायचं, आणि उरायचं नाही. बायकांच्या जागेचा पहिला उन्हाळा घरून बाटलीत पाणी आणून वजू करण्यात गेला. पाणी नसताना मातीवर हात मारून तयम्मुम करण्याची सोय शरीयतमध्ये आहे, पण खाली तोट्या वाहत असताना वर तयम्मुम करा म्हणणं कुणालाही जड गेलं असतं. आशाताईनं टाकीच्या खर्चाला दुसरा दाता शोधला, तेव्हा वर स्वतंत्र टाकी बसली.

रमजान आला आणि जागा मागणाऱ्यांनी जे मागितलंच नव्हतं ते घडलं. तरावीहला, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजला, बायका आल्या. पहिल्या रात्री थोड्या, पहिल्या अशऱ्यानंतर (दहा दिवसांनंतर) खोलीत सफ लावायला जागा पुरेना. बहुतेक तरुण सुना. त्यांचे नवरे खाली कुरआन पाठ असलेल्या हाफिजजींच्या मागं उभे असायचे, त्यामुळे जायला-यायला सोबत होती आणि घरात बोलायला कारणही होतं. सासवा मागे राहिल्या, नातवंडं सांभाळत. आयुष्यभर घरच्या कोपऱ्यात एकटीनं पढलेल्या बाईला वीस रकात कुरआन कानावर पडत राहिल्यावर काय वाटलं, ते एका सुनेनं मला सांगितलं. ती म्हणाली, घरात माझं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असतं, इथं मला कुणी हाक मारत नाही.

अडचण आली लाईटची. इमाम वरून दिसत नाही. रुकू (वाकणं), सज्दा (माथा टेकणं) सगळं स्पीकरच्या आवाजावर. लाईट गेली की आवाज तुटायचा आणि वरच्या सफा जिथल्या तिथं अडकायच्या. कुणी सज्द्यात, कुणी उभी, कुणी सलाम फेरून मोकळी. खाली कुणाच्या लक्षातही यायचं नाही. उलट दुसऱ्या दिवशी बोललं गेलं की बायकांना जमातीचं भान नसतं. आलिमानं मागणी केली की इन्व्हर्टरची वायर वरच्या स्पीकरला जोडा, आणि खालच्या शेवटच्या सफेत एक मुलगा मुकब्बिर म्हणून उभा करा, तो जिन्याकडे तोंड करून तकबीर मोठ्यानं म्हणेल. वायर जोडायला आठवडा लागला. मुकब्बिर मिळालाच नाही. खतमच्या, म्हणजे कुरआन पढून पूर्ण झाल्याच्या, रात्री मिठाई वर आली आणि दुआत हाफिजजींनी माँ-बहनोंचं नाव घेतलं. खाला रडली.

ईद झाली आणि खोलीला कुलूप लागलं.

कुणी ठराव केला नाही, कुणी नको म्हटलं नाही. चावी अजान देणाऱ्या मोअज्जनसाबांकडे, ते राहतात मशिदीच्या आत. बाईनं चावी मागायची तर आधी पुरुषांच्या दारात उभं राहायचं, नाहीतर पोराला पाठवायचं, आणि पोराला मोअज्जनसाब विचारणार, कुणाला हवी, कशाला हवी. दोन महिन्यांत देगा पुन्हा वर चढल्या. शुक्रवारी सहन भरला की जादा सफा त्या खोलीत. रुग्णालयातल्या बाया पुन्हा जिन्याखाली. ज्या गरजेसाठी सगळं सुरू झालं तीच उघड्यावर पडली, आणि कमिटी खऱ्या समाधानानं सांगत होती की आम्ही बायकांची सोय केलीय.

चौघींपैकी बाजीचं म्हणणं पडलं की आता वक्फ बोर्डाकडे अर्ज करू. मशीद नोंदलेली वक्फ, म्हणजे धर्मकार्याला वाहिलेली मालमत्ता, आहे, बोर्डाचं मुख्यालय संभाजीनगरला पाणचक्कीत, आणि वक्फ संस्थेचा कारभार नीट चालतो की नाही हे बघण्याचे अधिकार बोर्डाला आहेत. मलाही ते पटलं होतं. खाला नाही म्हणाली. आधीच मशिदींवर बाहेरून इतकी नजर आहे. त्यात आपणच कागद केला तर उद्या तो कागद कुणाच्या हातात जाईल? तिची भीती खोटी नव्हती. मुस्लिम बाईनं घरातलं दुखणं बाहेर सांगितलं की तिच्या दुखण्याचं औषध कुणी करत नाही, तिच्या घराला नावं ठेवायला ते वापरलं जातं. आणि सांगितलं नाही तर घरातले म्हणतात, कुणाची तक्रारच नाही. या कात्रीत ती उभी असते, हे तिच्या हक्काबद्दल बोलणाऱ्यांनी विसरू नये.

अर्ज झाला नाही. खालाच्या घराची खिडकी त्या जिन्यासमोर उघडते. एक चावी तिच्याकडे ठेवायची, एवढंच मागणं ठेवलं. ते मान्य व्हायला सेक्रेटरीनं बरीच बोलणी खाल्ली. आशाताईनं आणखी एक मागणी केली : रुग्णालयाच्या बाजूच्या भिंतीवर बाणासह पाटी, मराठी आणि उर्दूत, की बायकांसाठी नमाज आणि वजूची सोय इकडे आहे. पाटी लागली. जोहरपासून मगरिबपर्यंत, म्हणजे दुपारपासून सूर्यास्तापर्यंत, खोली उघडी राहू लागली.

त्यानंतर जे दिसलं त्याचा अंदाज कुणीच केला नव्हता. खोली सर्वांत जास्त वापरली ती परगावच्या बायांनी. मोहल्ल्यातली बाई दुपारी जिना चढली तर कोण गेली, कशाला गेली याची चौकशी संध्याकाळपर्यंत तिच्या सासरी पोचते. खेड्यातून आलेल्या बाईला इथं कुणी ओळखत नाही. ती पाटी वाचते, वर जाते, नमाज पढते, लेकराला पाजते, बसची वेळ झाली की उतरते. बुरखा न घालणाऱ्या, फक्त पदर घेणाऱ्या शेतमजूर बायाही येतात. एकदा तर सुनेच्या बाळंतपणाला आलेली एक हिंदू म्हातारी पाणी प्यायला वर आली आणि तासभर पंख्याखाली बसली. कुणी उठवलं नाही.

खोलीचा दुसरा उपयोग जास्त वादाचा ठरला. नवरा-बायकोची भांडणं, तलाकचे आणि खुलाचे (बायकोनं मागितलेल्या तलाकचे) मामले कमिटी इशानंतर मशिदीच्या दफ्तरात ऐकते. बाईची बाजू तिचा बाप किंवा भाऊ मांडतो. ती घरी बसून निकाल ऐकते. तमिळनाडूत पुदुक्कोट्टईला शरीफा खानम यांनी बायकांची वेगळी जमात उभी केली ती याच कारणानं : तिथंही मामले मशिदीच्या जमातीत चालायचे आणि जिचा मामला तिला आत जागा नव्हती. या गावात एका मुलीचं प्रकरण आलं. नवरा दुसऱ्या लग्नाच्या तयारीत, मेहर (निकाहात बायकोला कबूल केलेली रक्कम) द्यायचं नाव नाही. भाऊ बोलायला तयार, पण त्याला बहिणीचे दागिने कुणी मोडले हेही नीट ठाऊक नव्हतं. खालानं सदरसाबांना निरोप पाठवला की मुलगी वरच्या खोलीत बसेल, आलिमा तिच्याबरोबर असेल, तुम्ही तिथं येऊन ऐका. कमिटीतले दोघं रागानं निघून गेले. बाकीचे वर आले. मुलीनं दागिन्यांची यादी, तारखा, कुठल्या सराफाकडे मोडले ते सगळं सांगितलं. मेहर आणि दागिन्यांचे पैसे हप्त्यानं द्यायचं लेखी ठरलं.

त्या दोघांनी पुढच्या बैठकीत मुद्दा काढला की खोली इबादतीसाठी दिली होती, कचेरीसाठी नव्हे. त्यावर ठराव झाला : मामले दफ्तरातच चालतील. म्हणजे एक पाऊल मागं. मात्र बाईची बाजू तिच्या सहीच्या कागदावर घ्यायची, हे त्याच ठरावात सेक्रेटरीनं घालून घेतलं. तो कागद लिहून द्यायचं काम आता आलिमाकडे येतं, आणि तिच्याकडे येणाऱ्या बाया या गावापुरत्या राहिलेल्या नाहीत.

ईदगाहचा विषय दोनदा निघाला आणि बारगळला. ईदला बायकांना, अगदी पाळीत असलेल्यांनाही, मैदानावर आणा, पाळीतल्यांनी नमाजपासून बाजूला राहावं पण दुआत सामील व्हावं, अशी हदीस आहे. पण ईदगाह गावाबाहेर, पोलिस बंदोबस्त, ट्रॅफिक. कमिटीनं नाही म्हटलं आणि चौघींनी ते ताणलं नाही.

सध्या वाद सुरू आहे तो नव्या बांधकामाचा. सहनावर दुसरा मजला चढवायचा आहे. इंजिनिअरनं आणलेल्या नकाशात बायकांची जागा नाही. वरची खोलीही पाडायच्या भागात येते. तिच्या बदल्यात काय, याचा उल्लेख नाही. चौघींनी या वेळी तोंडी न बोलता कमिटीला पत्र दिलं आहे आणि त्यावर ज्यांच्या नावानं आता पावत्या फाटतात त्या बायकांच्या सह्या आहेत. मागण्या अशा, की गल्लीच्या बाजूनं स्वतंत्र जिना हवा. इमाम दिसेल अशी जाळी असलेला सज्जा हवा, म्हणजे लाईट गेली तरी जमात तुटणार नाही. शुक्रवारी ती जागा पुरुषांच्या सफांना देऊ नये. बांधकाम चालू असेपर्यंत रुग्णालयाकडच्या बायांची सोय बंद पडू नये, त्यासाठी एक गाळा रिकामा करावा. आणि पावतीवर जिचं नाव तिला जमातीच्या निवडीत मत असावं.

जाळीला पेश इमामांचा विरोध नाही. उलट इमामाची हालचाल दिसली तर इक्तिदा (इमामाच्या मागोमाग नमाज पढणं) जास्त पक्की होते, असं त्यांनीच सांगितलं. जिन्याला पैसे लागतील, ते मिळतील. गाळ्याचा भाडेकरू तयार नाही. मताच्या मागणीवर सदरसाबांनी एवढंच म्हटलं आहे की पुढच्या सालाना बैठकीत ठेवू. ती बैठक सहनात भरते, आणि बायकांनी त्या दिवशी कुठं बसायचं हे अजून ठरलेलं नाही.